विल्यम ब्रूक ओशॉनेसी

सर विल्यम ब्रूक ओशॉनेसी (जन्म : इ.स. १८०८च्या सुमारास, लिमरिक, आयर्लंड – मृत्यू : जानेवारी १८८९, साउथसी, इंग्लंड) हे ब्रिटिश ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील वैद्य, रसायनशास्त्रज्ञ व औषधशास्त्रज्ञ होते. भारतातील तारायंत्र व्यवस्थेचे ते संस्थापक मानले जातात. मात्र वैद्यकाच्या इतिहासात त्यांचे नाव मुख्यतः दोन कामांसाठी घेतले जाते. पटकीच्या (कॉलऱ्याच्या) रुग्णाच्या रक्तातून पाणी व क्षार कमी होतात, हे त्यांनी रासायनिक पृथक्करणाने दाखवून दिले. तसेच भारतात शतकानुशतके परिचित असलेल्या भांग-गांजाच्या वनस्पतीची आधुनिक पद्धतीने परीक्षा करून झटके, धनुर्वात व वेदना यांवर तिचा उपयोग नोंदविला. १८३९ मध्ये कलकत्त्यात एका तान्ह्या मुलीच्या झटक्यांवर त्यांनी केलेला उपचार ही अपस्माराच्या औषधांच्या इतिहासातील एक महत्त्वाची नोंद समजली जाते.

पार्श्वभूमी : अपस्मार व त्यावरील जुने उपचार

अपस्मार हा मेंदूचा विकार आहे. मेंदूतील पेशींमध्ये चालणारे विद्युत्‌-व्यवहार अचानक व एकाच वेळी अनियंत्रित झाले म्हणजे झटका येतो. असे झटके विशेष तात्कालिक कारण नसताना पुन्हापुन्हा येऊ लागले, तर त्या स्थितीला अपस्मार म्हणतात. मराठीत या विकाराला फेपरे, मिरगी, आकडी अशी नावे आहेत. बोलण्यात ‘फिट येणे’ हा शब्दप्रयोगही रूढ आहे. प्रत्येक झटका म्हणजे अपस्मार नव्हे. तापामुळे, मेंदूच्या जंतुसंसर्गामुळे किंवा रक्तातील साखर व कॅल्शियम कमी झाल्यामुळेही लहान मुलांना झटके येतात.

आयुर्वेदात अपस्माराचा विचार फार प्राचीन काळापासून झालेला आहे. चरकसंहितेत या रोगाचे वातज, पित्तज, कफज व सान्निपातिक असे चार प्रकार सांगितले असून स्मृतीचा लोप हे त्याचे मुख्य लक्षण मानले आहे. ग्रीक वैद्यकातही हा रोग दैवी कोपाचा नसून मेंदूचा आहे, असे मत हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथात मांडलेले आढळते. तरीही सामान्य जनांत भूतबाधा, करणी, देवीचा कोप अशा समजुती टिकून राहिल्या. झटका आलेल्या माणसाला चप्पल किंवा कांदा हुंगविण्याची प्रथा महाराष्ट्रात अगदी अलीकडेपर्यंत दिसत असे. तिचा काहीही उपयोग होत नाही. बहुतेक झटके काही मिनिटांत आपोआप थांबतात आणि त्याचे श्रेय चपलेला मिळते, इतकेच.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपीय वैद्यांची स्थितीही फारशी निराळी नव्हती. झटक्यांवर जळवा लावणे, रक्त काढणे, रेचके देणे, गरम पाण्यात बसविणे, पाऱ्याचे संयुग असलेले कॅलोमेल किंवा अफू देणे हेच उपचार प्रचलित होते. झटका थांबविणारे म्हणून खात्रीने ओळखले गेलेले एकही औषध त्या वेळी उपलब्ध नव्हते. ओशॉनेसी यांच्या कार्याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर लक्षात येते.

शिक्षण आणि पटकीचा अभ्यास

ओशॉनेसी यांचा जन्म आयर्लंडमधील लिमरिक येथे झाला. त्यांनी स्कॉटलंडमधील एडिंबरा विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण घेतले व १८२९ मध्ये एम.डी. ही पदवी मिळविली. रसायनशास्त्र व न्यायवैद्यक हे त्यांच्या विशेष आवडीचे विषय होते. पदवीनंतर ते लंडनला आले. तेथे वैद्यकीय व्यवसायाचा परवाना मिळण्यात अडचणी आल्याने त्यांनी रासायनिक पृथक्करणाच्या कामाकडे लक्ष वळविले. विषप्रयोगाची तपासणी, खाद्यपदार्थांतील घातक भेसळ अशा विषयांवर त्यांनी या काळात लेखन केले.

१८३१च्या अखेरीस इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर पटकीची साथ पोहोचली. वयाची पंचविशीही न गाठलेले ओशॉनेसी साथीच्या प्रदेशात गेले आणि त्यांनी रुग्णांच्या रक्ताचे पृथक्करण केले. रुग्णाच्या रक्तातील पाण्याचा व क्षारांचा मोठा अंश नाहीसा होतो आणि तोच अंश जुलाबांत सापडतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. गेलेले पाणी व क्षार शिरेवाटे परत द्यावेत, अशी सूचनाही त्यांनी केली. त्यांचा अहवाल ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १८३२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी स्कॉटलंडमधील लीथ येथे डॉ. थॉमस लाटा यांनी ही सूचना प्रत्यक्षात आणली व अत्यवस्थ रुग्णांना शिरेतून क्षारयुक्त पाणी दिले. आज रुग्णालयात सर्वत्र दिसणाऱ्या ‘सलाइन’चा आरंभ येथे आहे. त्या काळात मात्र हा उपचार लवकरच मागे पडला. निर्जंतुकीकरणाची कल्पना नसल्याने त्यात धोके होते आणि अनेक वैद्यांचा रक्तमोचनावरील विश्वास ढळला नव्हता.

शरीरातून काय कमी झाले ते मोजावे आणि मग उपचार ठरवावा, ही ओशॉनेसी यांची पद्धत पुढील सर्व कामांतही कायम राहिली.

कलकत्ता येथील कार्य

१८३३ मध्ये ओशॉनेसी ईस्ट इंडिया कंपनीच्या वैद्यकीय सेवेत दाखल होऊन बंगालमध्ये आले. १८३५ मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड विल्यम बेंटिंक यांच्या कारकिर्दीत कलकत्ता वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. तेथे रसायनशास्त्राचे प्राध्यापक म्हणून ओशॉनेसी यांची नेमणूक झाली. याच महाविद्यालयात १८३६ मध्ये पंडित मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदन करून भारतीय विद्यार्थ्यांसाठी आधुनिक शरीररचनाशास्त्राचा मार्ग खुला केला. मुंबईत ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले ते त्यानंतर दहा वर्षांनी, १८४५ मध्ये.

ओशॉनेसी यांनी आपल्या विद्यार्थ्यांसाठी रसायनशास्त्राचे पाठ्यपुस्तक लिहिले. विलायतेहून येणारी औषधे महाग असत आणि लांबच्या सागरी प्रवासात अनेकदा खराब होत. त्यामुळे देशी बाजारात मिळणाऱ्या औषधी द्रव्यांची पद्धतशीर परीक्षा करण्याचे काम त्यांनी हाती घेतले. ‘बेंगॉल डिस्पेन्सेटरी’ (१८४२) आणि ‘बेंगॉल फार्माकोपिया’ (१८४४) हे ग्रंथ या कामाचे फलित होत. पुढे मुंबई इलाख्यात डॉ. सखाराम अर्जुन आणि डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर या मराठी वैद्यांनी देशी औषधी वनस्पतींच्या नोंदीचे जे मोलाचे काम केले, ते याच परंपरेतले म्हणता येईल.

भांग, गांजा व चरस यांचा अभ्यास

भांग ही एकाच वनस्पतीपासून तीन रूपांत मिळते. पानांना भांग, मादी झाडाच्या राळयुक्त फुलोऱ्याला गांजा आणि वेगळ्या काढलेल्या राळेला चरस म्हणतात. आयुर्वेदीय ग्रंथांत तिला विजया असे नाव असून भूक वाढविणे, झोप आणणे व वेदना शमविणे हे तिचे गुण सांगितले आहेत. मुंबई इलाख्यात अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्हा गांजाच्या लागवडीसाठी ओळखला जात असे.

ओशॉनेसी यांनी प्रथम या वनस्पतीविषयीचे पौर्वात्य ज्ञान गोळा केले. एशियाटिक सोसायटीचे पंडित कमलाकांत विद्यालंकार व मधुसूदन गुप्त यांच्याकडून त्यांनी संस्कृत ग्रंथांतील माहिती मिळविली. हुगळी येथील इमामबाड्याचे मुतवल्ली सय्यद करामत अली आणि तेहरानचे एक हकीम यांच्याकडून फारसी व अरबी वैद्यकातील संदर्भ घेतले. या सर्वांचे साहाय्य त्यांनी आपल्या निबंधात नावानिशी नमूद केले आहे. देशी विद्वानांकडून माहिती घेऊन त्यांची नावे गाळण्याची रीत त्या काळी सर्रास होती, हे ध्यानात घेता ही गोष्ट उल्लेखनीय ठरते.

त्यानंतर त्यांनी प्राण्यांवर प्रयोग केले. कुत्री, मांजरे, मासे, गिधाडे, बकऱ्या अशा अनेक प्राण्यांना त्यांनी निरनिराळ्या मात्रा दिल्या. मांसाहारी प्राण्यांवर नशेचा परिणाम स्पष्ट दिसतो, तर तृणभक्षक प्राण्यांवर मोठ्या मात्रेचाही फारसा परिणाम होत नाही, असे त्यांना आढळले. या प्रयोगांत प्राण्यांना वेदना किंवा आचके येत नाहीत, असे पाहिल्यावर त्यांनी रुग्णांवर औषध वापरण्याचे ठरविले. गांजाची राळ मद्यार्कात विरघळवून त्यांनी एक अर्क तयार केला. त्याच्या २० थेंबांत सुमारे १ ग्रेन, म्हणजे जवळपास ६५ मिलिग्रॅम राळ असे.

संधिवात, पटकी, धनुर्वात आणि पिसाळलेल्या जनावराच्या दंशाने होणारा जलसंत्रास या विकारांत त्यांनी हा अर्क वापरून पाहिला. संधिवाताच्या एका रुग्णाचे शरीर औषधानंतर विलक्षण शिथिल झाले. त्याचे हातपाय ज्या स्थितीत ठेवावेत त्याच स्थितीत राहू लागले. तो काही तासांनी पूर्ववत झाला. या अनुभवानंतर ओशॉनेसी यांनी मात्रा कमी केली. जलसंत्रासाचा रुग्ण वाचला नाही. परंतु त्याच्या अखेरच्या यातना कमी झाल्या आणि तो थोडे पाणी व अन्न गिळू शकला. औषध रोग बरा करीत नाही, यातना कमी करते, हा भेद त्यांनी स्वतःच स्पष्टपणे नोंदविला. धनुर्वातात मात्र अर्काने स्नायूंचे ताठरणे सैल होते व काही रुग्ण वाचतात, असे त्यांना दिसून आले. या निरीक्षणांमुळे झटक्यांच्या रोगात हे औषध वापरण्याची कल्पना पुढे आली.

झटके येणाऱ्या बालिकेवरील उपचार

१८३९च्या सप्टेंबर महिन्यात कलकत्त्यातील एका युरोपीय कुटुंबातील ४० दिवसांच्या मुलीला झटके येऊ लागले. आरंभी ते सौम्य असून मुख्यतः रात्री येत. सुमारे दोन आठवडे रेचके, गरम पाण्याचे स्नान आणि कॅलोमेल असे नेहमीचे उपचार झाले, पण गुण आला नाही. २३ सप्टेंबरपासून झटक्यांचा जोर वाढला. मुलीच्या डोक्याला जळवा लावण्यात आल्या, अफूयुक्त औषधेही दिली गेली. ३० सप्टेंबरला झटके जवळजवळ अखंड येऊ लागले. मुलीने दूध पिणे सोडले होते व ती झपाट्याने खंगत चालली होती.

सर्व ज्ञात उपाय संपल्यावर ओशॉनेसी यांनी आपल्या प्रयोगांची माहिती मुलीच्या आईवडिलांना दिली आणि त्यांची संमती घेतली. रात्री १० वाजता अर्काचा एक थेंब मुलीच्या जिभेवर ठेवण्यात आला. दीड तासाने आणखी दोन थेंब देण्यात आले. काही मिनिटांतच मुलीला झोप लागली. जागी झाल्यावर ती भुकेने रडू लागली, दूध प्यायली आणि पुन्हा झोपली. पुढील चार दिवस तिला एकही झटका आला नाही.

४ ऑक्टोबरच्या पहाटे झटके परत आले. दर तासाला औषध देऊनही त्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत ३० झटके आले. दुसऱ्या दिवशी या अपयशाचे कारण उघड झाले. औषधाच्या लहान बाटलीला बुचाऐवजी कागदाचा बोळा लावलेला होता. त्यातून मद्यार्क उडून गेला होता आणि राळ बाटलीच्या कडांना चिकटून बसली होती. आदल्या दिवशी मुलीच्या पोटात जे थेंब गेले, ते जवळजवळ निव्वळ पाण्याचे होते.

नवा अर्क तयार करून देण्यात आला. त्याने झटक्यांचा जोर कमी झाला, पण ते थांबले नाहीत. ७ ऑक्टोबरला दुसऱ्या एका डॉक्टरांशी विचारविनिमय करून हे औषध थांबविण्याचे ठरले. पोटावर मोहरीचे पोटीस लावण्यात आले आणि एरंडेल व टर्पेंटाइन देण्यात आले. मुलीची प्रकृती आणखी खालावली. दुपारी २ वाजता सुरू झालेला एक आचका सायंकाळी साडेसहापर्यंत सुटला नाही. थंड पाण्याच्या स्नानानेही उपयोग झाला नाही. तेव्हा ओशॉनेसी यांनी अर्काचे ३० थेंब एकदम दिले. मुलीचे ताठरलेले हातपाय सैल झाले व ती १३ तास झोपली.

८ ऑक्टोबरला पुन्हा पहाटे ४ ते रात्री १० या वेळात २५ झटके आले. त्या दिवशी अर्काचे एकूण १३० थेंब देण्यात आले. रात्री १० वाजता मुलीला गाढ झोप लागली आणि त्यानंतर झटका आला नाही. डिसेंबरच्या मध्यास, निबंध छापण्यापूर्वी, ती मुलगी सुदृढ व आनंदी असल्याची नोंद ओशॉनेसी यांनी केली आहे.

या नोंदीतील एक निरीक्षण आजही महत्त्वाचे आहे. पहिल्या दिवशी तीन थेंबांनी जे साधले, त्यासाठी आठवडाभरातच त्याच्या अनेक पट मात्रा लागली. औषधाची सवय होऊन त्याचा परिणाम घटणे, या घटनेचा अनुभव अपस्माराच्या काही औषधांबाबत पुढेही येत राहिला.

या घटनेकडे आजच्या दृष्टीने पाहताना तिच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्या लागतात. ही एकाच रुग्णाची हकीकत आहे. झटक्यांचे मूळ कारण काय होते, हे त्या काळच्या साधनांनी कळणे शक्य नव्हते. तान्ह्या बाळांचे काही झटके काही काळाने आपोआपही थांबतात. ४० दिवसांच्या बाळाला नशा आणणाऱ्या द्रव्याची एवढी मात्रा देणे धोक्याचेच होते. तथापि वेळा, मात्रा, अपयश, चूक आणि यश या सर्वांची प्रामाणिक नोंद ठेवल्यामुळे ही हकीकत शास्त्रीय चर्चेला उपयोगी पडते. औषध निष्फळ ठरल्याचा दिवस आणि बाटलीतील दोष या गोष्टी त्यांनी लपविल्या नाहीत.

इंग्लंडमधील प्रसार व ऱ्हास

१८४०च्या दशकाच्या आरंभी ओशॉनेसी रजेवर इंग्लंडला गेले. त्यांनी सोबत गांजा व चरस यांचे नमुने नेले होते. लंडनचे औषधविक्रेते पीटर स्क्वायर यांनी त्यांपासून अर्क तयार केला आणि तो युरोप व अमेरिकेत प्रचारात आला. १८४३ मध्ये ओशॉनेसी यांची रॉयल सोसायटीच्या सदस्यपदी निवड झाली.

पुढील पन्नास वर्षे ‘इंडियन हेम्प’ या नावाने हे औषध पाश्चात्त्य औषधालयांत मिळत असे. लंडनचे डॉ. जॉन रसेल रेनॉल्ड्स यांनी आपल्या प्रदीर्घ अनुभवाच्या आधारे १८९० मध्ये त्याविषयी लेख लिहिला. काही प्रकारच्या झटक्यांत ते उपयोगी पडते, परंतु जुनाट अपस्मारात त्याचा विशेष लाभ होत नाही, असे त्यांचे मत होते.

या औषधाच्या ऱ्हासाची कारणे अनेक होती. त्यातील गुणकारी घटक कोणता, हे माहीत नव्हते. त्यामुळे एका बाटलीतील अर्क प्रभावी, तर दुसऱ्या बाटलीतील निरुपयोगी निघे. ते पाण्यात विरघळत नसल्याने टोचून देता येत नसे. याच सुमारास अधिक खात्रीची औषधे उपलब्ध झाली. १८५७ मध्ये इंग्लंडमधील सर चार्ल्स लोकॉक यांनी पोटॅशियम ब्रोमाइडचा अपस्मारावरील उपयोग सांगितला. १९१२ मध्ये जर्मनीतील आल्फ्रेड हाउप्टमान यांनी फेनोबार्बिटलचा गुण दाखवून दिला. १९३८ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टन मेरिट व ट्रेसी पुटनम यांनी फेनिटॉइन प्रचारात आणले. पुढे कार्बामाझेपिन व व्हॅल्प्रोएट यांची भर पडली. १९३२ मध्ये ब्रिटिश औषधकोशातून भांगेचा अर्क वगळण्यात आला.

दरम्यान भारतात भांग-गांजाच्या व्यसनाच्या प्रश्नाची चौकशी करण्यासाठी १८९३ मध्ये ब्रिटिश सरकारने एक आयोग नेमला. आयोगाने १८९४ मध्ये अहवाल दिला. मर्यादित सेवनाने फारशी हानी होत नाही, अतिसेवन मात्र घातक आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. स्वतंत्र भारतात १९८५च्या अमली पदार्थविषयक कायद्याने गांजा व चरस यांवर बंदी आली. केवळ पानांपासून केलेली भांग त्या कायद्याच्या व्याख्येबाहेर राहिली.

तारायंत्राची उभारणी

ओशॉनेसी यांना विद्युत्‌शास्त्रातही विशेष गती होती. बालिकेवर उपचार केले त्याच वर्षी, १८३९ मध्ये, त्यांनी कलकत्त्याजवळ बांबूंच्या आधाराने कित्येक मैल तार टाकून विजेच्या साहाय्याने संदेश पाठविण्याचा प्रयोग यशस्वी केला. नदीच्या पात्राखालूनही संदेश नेता येतो, हे त्यांनी दाखविले. कंपनी सरकारने त्या वेळी याकडे फारसे लक्ष दिले नाही.

१८४४ मध्ये भारतात परतल्यावर ते कलकत्त्याच्या टांकसाळीत अधिकारी झाले. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांनी तारायंत्राचे महत्त्व ओळखले व ओशॉनेसी यांच्याकडे हे काम सोपविले. १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तारवाहिनी सुरू झाली. तिच्या कामात शिबचंद्र नंदी हे त्यांचे भारतीय सहकारी होते. वादळे, पक्षी, माकडे आणि ओलसर हवा यांचा विचार करून ओशॉनेसी यांनी बारीक तारेऐवजी जाड लोखंडी सळ्या वापरल्या आणि यंत्रेही स्थानिक परिस्थितीला अनुरूप अशी बनविली.

१८५३ मध्ये कलकत्ता–आग्रा वाहिनीचे काम सुरू होऊन १८५४च्या मार्चमध्ये पूर्ण झाले. त्यानंतर मुंबई व मद्रास ही शहरे जोडली गेली आणि १८५५ मध्ये ही सेवा जनतेसाठी खुली झाली. टपालाला जेथे अनेक दिवस लागत, तेथे निरोप काही तासांत पोहोचू लागला. या कामगिरीबद्दल १८५६ मध्ये ओशॉनेसी यांना ‘सर’ हा किताब मिळाला.

तारायंत्राचा हेतू लोकहिताचा होता तितकाच राज्यकारभाराचाही होता. १८५७च्या उठावात दिल्लीची बातमी तारेने अंबाल्यास पोहोचली आणि इंग्रजांना सावध होण्यास अवधी मिळाला. कंपनीची सत्ता टिकविण्यात या साधनाचा वाटा होता, असे इतिहासकार मानतात. कालांतराने तीच तार सामान्य भारतीयांच्या जीवनाचा भाग झाली. महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत ‘तार आली’ एवढे शब्द ऐकताच घरात काळजीचे वातावरण पसरे, इतका तिचा संबंध तातडीच्या व बहुधा अशुभ बातमीशी जडला होता. भारतातील ही तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

उत्तरायुष्य

१८६०च्या सुमारास प्रकृतीच्या कारणाने ओशॉनेसी इंग्लंडला परतले. १८६१ मध्ये त्यांनी ब्रूक हे आडनाव धारण केले. त्यानंतर सार्वजनिक जीवनात ते फारसे दिसले नाहीत. जानेवारी १८८९ मध्ये साउथसी येथे त्यांचे निधन झाले.

नंतरचे संशोधन

ओशॉनेसी यांच्या अर्कातील गुणकारी घटकांचा उलगडा विसाव्या शतकात झाला. अमेरिकेतील रॉजर ॲडम्स यांनी १९४० मध्ये या वनस्पतीतून कॅनाबिडिओल हा घटक वेगळा केला. इस्राएलमधील राफाएल मेशुलम यांनी १९६३ मध्ये त्याची रासायनिक रचना निश्चित केली. १९६४ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने नशा आणणारा मुख्य घटक, टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, शोधून काढला. कॅनाबिडिओलने नशा येत नाही. मात्र तो झटके कमी करू शकतो, असे दिसून आले. १९८० मध्ये ब्राझीलमधील संशोधकांनी मेशुलम यांच्या सहकार्याने अपस्माराच्या थोड्या रुग्णांवर त्याची चाचणी घेतली. त्यानंतर मोठ्या व काटेकोर चाचण्या झाल्या. जून २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने बालवयात सुरू होणाऱ्या ड्रॅव्हे व लेनॉक्स-गॅस्टो या अपस्माराच्या दोन तीव्र प्रकारांसाठी शुद्ध कॅनाबिडिओलच्या औषधाला मान्यता दिली. कलकत्त्यातील प्रयोगानंतर या घटनेला १७९ वर्षे लागली.

या औषधाचा अर्थ गांजा ओढल्याने किंवा भांग घेतल्याने अपस्मार बरा होतो, असा मात्र नाही. कच्च्या वनस्पतीत नशा आणणाऱ्या घटकाचे प्रमाण अधिक व अनिश्चित असते. त्याचा वाढत्या वयाच्या मेंदूवर अनिष्ट परिणाम होतो. शुद्ध कॅनाबिडिओलही यकृतावर परिणाम करू शकते व अन्य औषधांच्या क्रियेत बदल घडविते. अपस्माराच्या बहुसंख्य रुग्णांसाठी नेहमीची, स्वस्त व दीर्घ अनुभवाने पारखलेली औषधेच पहिली निवड असतात. योग्य औषध नियमितपणे घेतल्यास सुमारे ७० टक्के रुग्णांचे झटके आटोक्यात येऊ शकतात, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे. औषध मनाने बंद करणे हे झटके परतण्याचे एक प्रमुख कारण आहे. भारतात हिंदू विवाह कायद्यातील अपस्माराविषयीची अट १९९९च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आली. अपस्मार म्हणजे वेड नव्हे आणि तो विवाहाला अडसर नाही, ही गोष्ट त्यामुळे कायद्यानेही मान्य झाली.

मूल्यमापन

ओशॉनेसी यांनी तीन निरनिराळ्या क्षेत्रांत पायाभूत काम केले, पण त्यांपैकी दोहोंचे फळ त्यांच्या हयातीत पूर्णपणे दिसले नाही. पटकीत पाणी व क्षार भरून काढण्याचे तत्त्व दीर्घकाळ उपेक्षित राहिले. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनवीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने हजारो पटकीग्रस्तांवर उपचार केले, तेव्हा त्याच तत्त्वाचे सोपे व स्वस्त रूप जगापुढे आले. भांगेतील झटकारोधक गुणाचे त्यांचे निरीक्षणही दीड शतकाहून अधिक काळ बाजूला पडले होते.

ते कंपनी सरकारचे नोकर होते आणि त्यांच्या कामाचा लाभ त्या सत्तेलाही झाला. रुग्णांवरील त्यांचे सर्व प्रयोग आजच्या नीतिनियमांत बसणारे नाहीत. तरीही देशी औषधाला केवळ देशी म्हणून त्यांनी तुच्छ लेखले नाही, किंवा केवळ प्राचीन म्हणून ते डोळे मिटून स्वीकारलेही नाही. ग्रंथ वाचणे, जाणकारांना विचारणे, प्राण्यांवर परीक्षा करणे, लहान मात्रेने आरंभ करणे आणि जे घडले ते सारे लिहून ठेवणे हा त्यांचा क्रम होता. देशी औषधांच्या अभ्यासाला तो आजही लागू पडतो.